भिंगरीचा रविवार

खिशातले मीठ ओले झाले होते. तारवाल्याने ते दोन बोटांनी मोकळे केले, हात पँटला पुसला आणि पुन्हा रस्त्याच्या वळणाकडे पाहिले. रोपवेच्या खालच्या स्टेशनसमोर गाड्यांची रांग लागली होती. टोप्या घातलेली पोरे, पाण्याच्या बाटल्या, कुणाची तरी आजी आणि तिची छत्री. रविवार उजाडला की अख्खे शहर डोंगरावरचे गाव बघायला निघायचे आणि सगळ्यांना याच दारातून जावे लागायचे. एरवी हे दार तारवालाच लावायचा. आज मात्र तो इस्त्रीचा शर्ट घालून दाराबाहेर उभा होता आणि तिकीटखिडकीतल्या बाई त्याच्याकडे बघून गालात हसत होत्या.

"आली नाही का अजून राजकन्या?"

"येईल हो. घाटात गाडी सावकाश घ्यावी लागते. तिला मळमळतं."

गावात सगळे त्याला तारवालाच म्हणत. रोपवेची तार, तिच्यावरची चाके, ट्रॉलीची दारे, दोन्ही टोकांची यंत्रे, यांच्यातच त्याचे केस पांढरे झाले होते. बायको म्हणायची, तारेशी लग्न केलंस, मग मला कशाला मधे ओढलंस? आधी ती हे हसत म्हणायची. मग तिने हसणे सोडले, आणि मग मुलीला घेऊन शहरात गेली. भांडण नाही की आदळआपट नाही. तिला तिथे नोकरी लागली होती आणि याचा पाय काही डोंगरावरून निघेना. पुढे तिने शहरातच दुसरा संसार थाटला. तारवाल्याच्या वाट्याला महिन्यातला पहिला रविवार आला. बाकीचा महिना तो त्याच रविवारच्या जिवावर काढायचा.

या वेळी मात्र मुलीच्या आईचा आधीच फोन आला होता. "तिला तुझ्याशी बोलायचंय. काय ते मी सांगणार नाही, तिचं तीच सांगेल. तू फक्त ऐकून घे."

तारवाला काही दूधखुळा नव्हता. पोरगी मोठी झाली की यायचे का नाही ते तिच्या मर्जीवर, हे वेगळे होतानाच ठरले होते. आणि पोरगी आता मोठी झाली होती. रात्रभर कूस बदलून बदलून शेवटी पहाटे त्याने एक बेत आखला, आणि असला खुळा बेत फक्त बापालाच सुचू शकतो. तिला बोलूच द्यायचे नाही! जोवर ती बोलत नाही तोवर पुढचा रविवार शाबूत होता. दिवसभर तिला इतके फिरवायचे, इतके हसवायचे, की तोंड उघडायला फुरसतच मिळू नये. संध्याकाळी आई न्यायला आली की प्रश्न मिटला. निदान महिनाभरापुरता तरी मिटला.

गाडी आली. ती उतरली तेव्हा जरा पांढरीफटक दिसत होती, आणि गेल्या वेळेपेक्षा उंच.

"भिंगरे!" तारवाला ओरडला.

लहानपणी ती अंगणात स्वतःभोवती गोल गोल फिरायची, पडेपर्यंत. तेव्हापासून हे नाव. तिने आजूबाजूच्या गर्दीकडे चटकन पाहिले आणि मग हसली. "आले ना, बाबा. ओरडतोस काय."

त्याने तिला जवळ घेतले आणि सवयीने खिशातल्या मिठाची चिमूट तिच्या उजव्या बाहीला चोळली. गेली कित्येक वर्षे तो हे करत आला होता. हा त्याचा हातखंडा प्रयोग होता आणि तो कधी पकडला गेला नव्हता.

गाडीच्या खिडकीतून तिची आई म्हणाली, "ऐकून घे हं तिचं. आणि उगाच काहीबाही खायला घालू नकोस."

"हो, हो," तारवाला म्हणाला, आणि मुलीचा हात धरून तो गर्दीत घुसलासुद्धा.

वर जाणाऱ्या ट्रॉलीत त्यांच्याबरोबर एक चौकोनी कुटुंब होते. तारवाल्याने तोंडाची टकळी सुरू केली ती थांबेचना. ही दरी किती खोल, तो कडा कसा तुटला, तार कुठल्या लोखंडाची. धबधब्यावर ट्रॉली आली तशी त्याने मुलीला कोपराने ढोसले.

"म्हण की."

"बाबा, लोक आहेत."

"लोकांना पण बघू दे की तुझी जादू."

मुलीने खालमानेने, अगदी हळू आवाजात म्हटले, "थांब."

ट्रॉली हळूहळू मंद होत दरीच्या मधोमध थांबली. समोरच्या कुटुंबातली धाकटी डोळे विस्फारून हिच्याकडे बघायला लागली. तारवाल्याने पाठीमागे धरलेला लाल रुमाल गुपचूप खिशात सारला. वरच्या स्टेशनात यंत्रावर मामा बसायचे. ते त्याचे जुने सहकारी, आणि अख्ख्या गावाचे मामा. दुर्बिणीतून रुमाल दिसला की ते हाताने ट्रॉली थांबवायचे आणि क्षणभराने पुन्हा सोडायचे. नियमात हे कुठेच बसत नव्हते, पण मामांचे म्हणणे असे की नियम करणाऱ्याला मुलगी नसावी.

"तुझं ऐकते ट्रॉली?" धाकटीने विचारले.

"माझं नाही," मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांचं सगळे ऐकतात इथे."

तारवाला खूश झाला. ती हे कुठल्या सुरात म्हणाली ते काही त्याच्या कानांनी टिपले नाही.

वर गावात पहिला मुक्काम काकूंच्या गोठ्यावर असायचा. काकूंकडे शेळ्या होत्या. शहरातली पोरे येऊन शेळ्यांना पाला भरवत आणि काकू त्या शेळ्यांच्या एकेका खोडीची गोष्ट सांगत. मुलगी फाटकातून आत शिरली तशी पांढरी शेळी कळप सोडून धावत आली आणि थेट तिची उजवी बाही चाटायला लागली.

"बघा!" काकू टाळी वाजवून म्हणाल्या. "एवढी माणसं येतात, पण ही दुसऱ्या कुणाला विचारत नाही. तुझी ओळख म्हणून विसरत नाही मेली!"

काकूंना मिठाचे पक्के ठाऊक होते. तारवाल्याने डोळा मिचकावला, काकूंनी मिचकावला. मुलीने शेळीच्या गळ्यात हात टाकला आणि बराच वेळ तिच्या मानेत तोंड खुपसून ती तशीच बसली. मग म्हणाली, "बाबा, इकडे बस ना जरा. मला तुला..."

"पाला संपला की गं! थांब, घेऊन येतो."

पाला समोरच्या टोपलीत भरलेला होता. तारवाला तरीही गोठ्यामागे गेला, तिथे उगाच उभा राहिला आणि पुष्कळ वेळाने मूठभर पाला घेऊन परत आला. तोवर शेळ्यांभोवती पोरांचा घोळका जमला होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग तळे. तळ्यावर वल्ह्यांच्या होड्या होत्या आणि होड्या भाड्याने देणारा पैलवान होता. दंड असे की एका हाताने होडी उचलून काठावर ठेवील. दर महिन्याला हा पैलवान तारवाल्याच्या मुलीबरोबर शर्यत लावायचा आणि दर महिन्याला सपाटून मार खायचा. आज तर त्याने कहर केला. मधेच वल्हे पाण्यात टाकले, ते काढायला वाकला, होडी गोल गोल फिरली, आणि काठावरची पोरे हसून हसून लोळायची बाकी राहिली.

"अरे देवा, मेलो! हिच्या हातांत यंत्र बसवलंय का हो, तारवाले?"

मुलगीही हसली. ओल्या हातांनी केस मागे सारत, मनापासून हसली. तिचे ते हसू बघून तारवाल्याला भरून आले. काय कमी आहे इथे, त्याच्या मनात आले. डोंगर आहे, पाणी आहे, सगळे गाव तिला हातावर झेलते. शहरात हिच्याशी कोण हरत असेल?

काठावर येऊन ती बाकावर बसली आणि तिने शेजारची जागा हाताने झाडली. "बाबा, ये. दोन मिनिटं बस."

"बसतो की. पण आधी गरम दूध आणू चॉकलेटचं? गारठलीस बघ."

"नकोय मला."

"नको कसं? ओठ निळे पडलेत."

तो दुधाच्या टपरीकडे गेला तो जवळजवळ पळतच. पेले घेऊन आला तेव्हा मुलगी पैलवानाशी बोलत होती. पैलवान गळ्यातल्या टॉवेलने डोळे पुसत होता.

"काय रे, काय झालं?"

"डोळ्यात पाणी उडालं," पैलवान म्हणाला, आणि तोंड फिरवून होडीची दोरी सोडायला लागला. दोरी घट्ट होती तशीच ठीक होती. ती सोडायचे काहीएक कारण नव्हते.

तारवाल्याने हे पाहिले, पण मनाच्या पार मागच्या खोलीत नेऊन ठेवून दिले. मुलीने दूध घेतले. तिला ते जात नव्हते, तरी घोट घोट करून तिने पेला रिकामा केला.

दुपार उताराला लागली. तारवाल्याने तिला कुरणावर नेले, पतंग उडवला, पाइनच्या झाडांखाली सापडणारे लाकडी फुलांसारखे कोन वेचायला लावले. तिने वेचले. मग घाटमाथ्यावरचा तो सुटा दगड दाखवला, जो ढकलला की हलतो पण पडत नाही. तिने ढकलला. ती थकली होती. तो तर केव्हाच थकला होता, पण थांबायची त्याला छाती होत नव्हती. आता फक्त खाली उतरणे राहिले होते. ट्रॉलीत गर्दी असणार. गर्दीत कोण काय बोलणार?

वरच्या स्टेशनात शिरताना त्याला वाटले, पोरीला थंडी वाजते आहे. "मामा, लक्ष ठेवा हिच्यावर. मी खोलीतून ब्लँकेट घेऊन येतो."

"या या," मामा म्हणाले. "आम्ही मामा-भाची बोलत बसतो."

तो परत आला तेव्हा मामांनी दारात दोरी आडवी बांधली होती. "चला, तुम्ही दोघंच बसा. मंडळी, पुढच्या ट्रॉलीत या हो, ही राखून ठेवलीये." मागे लोकांची कुरकुर सुरू झाली. तारवाल्याने हात जोडले, "अहो मामा, कशाला? बसतील की सगळे."

"बस म्हणतो ना," मामा म्हणाले. ते त्याच्याकडे बघत नव्हते.

ट्रॉली सुटली. तारवाल्याने मुलीच्या खांद्यावर ब्लँकेट टाकले आणि लगेच टकळी सुरू केली. पुढच्या महिन्यात काकूंकडे करडं होणार. पैलवान नवीन होडी आणतोय. तळ्यापलीकडची वाट मोकळी झाली की...

आणि ट्रॉली थांबली.

लाल रुमाल त्याच्या खिशातच होता. तार बिघडली की ट्रॉली हिसका देऊन पुढे-मागे झोके खाते, आणि हाताने थांबवली की श्वास सोडल्यासारखी मंद होत जाते. हे त्याला झोपेतही कळले असते. ट्रॉली मंद होत थांबली होती.

"मामांनी थांबवली," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं त्यांना."

"तू? अगं, पण का?"

मुलीने ब्लँकेटची कड दोन्ही मुठींत धरली. "इथून तुला काही आणायला जाता येत नाही, बाबा."

तारवाल्याने दाराकडे पाहिले. कडी बाहेरून होती. चारी बाजूंना काच, खाली दरी आणि वर तीच तार, जिची त्याने आयुष्यभर निगा राखली होती.

"बोल," तो म्हणाला.

"मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही."

आली वेळ. किती दिवस तो या वाक्यापासून पळत होता, आणि ते एवढे छोटे निघाले.

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "सुट्टीत?"

"सुट्टीत बघू."

तारवाल्यानेही आयुष्यात पुष्कळ लोकांना 'बघू' म्हटले होते. त्याने मान हलवली.

"रविवारी आमचे सामने असतात," मुलगी घाईघाईने सांगायला लागली. "पहिल्या रविवारी मी नसते ना, म्हणून ते मला संघात घेत नाहीत, बाहेर बसवतात. आणि घाटात मला दर वेळी उलटी होते. येताना पण आणि जाताना पण. तुला सांगू नको म्हणून मीच आईला सांगितलं होतं."

"सामने कसले?"

ती हळूच म्हणाली, "बास्केटबॉलचे. मी सांगितलं होतं तुला. दोनदा."

"मी दूध आणायला गेलो असेन," तारवाला म्हणाला.

यावर दोघांनाही हसू आले आणि दोघांचेही डोळे भरले. तिने नाक ब्लँकेटला पुसले.

"बाबा, मला मिठाचं माहितीये. घरी गेल्यावर आई विचारायची, हे बाहीला पांढरं काय आहे. पैलवानकाका मुद्दाम हरतात ते पण माहितीये. आणि रुमालाचं. खूप आधीपासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू किती खूश असायचास." तिचा आवाज चिरकला. "मी गाडीत बसले की ठरवायचे, आज सांगायचं. मग तू ओरडायचास ना, भिंगरे म्हणून, की मला नाही सांगता यायचं. इथे आलं की मला लहान व्हावं लागतं, बाबा. आणि मी होते. पण आता मला येत नाही तसं व्हायला. आज सगळ्यांना सांगितलं मी, शेवटचं आलेय म्हणून. पैलवानकाका रडलेच."

इतकी वर्षे तारवाल्याला वाटत होते की तो पोरीची हौस पुरवतो आहे, तिला डोंगर दाखवतो आहे, तळे दाखवतो आहे. आणि ही चिमुरडी घाटभर ओकत यायची, तोंड धुवायची, आणि दिवसभर बापाची हौस पुरवून पुन्हा ओकत घरी जायची. तिने त्याला सहलीला नेले होते. दर महिन्याला, न चुकता.

"मी येऊ का सामना बघायला?" त्याने विचारले. विचारून झाल्यावर त्याला वाटले, नको होते विचारायला.

मुलगी काचेतून बाहेर बघत राहिली. "काका येतात," ती म्हणाली. आईच्या नवऱ्याला ती काका म्हणायची. "सगळ्यांचे बाबा येतात तसे. ते ओरडतात वगैरे खूप. मला त्याची सवय झालीये." आणि मग, जणू आपणच काही मोडले आहे आणि ते आपणच सांधायला हवे अशा घाईने, "नंतर ये. नंतर कधीतरी नक्की ये तू."

"येईन की. घाई कुठाय."

"तू रागावलास?"

"छे गं."

"खरं सांग."

"रागावलो नाही," तारवाला म्हणाला. "वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. पण ते वाटणारच, त्याला तू काय करणार?"

हे तो पहिल्यांदाच तिच्याशी असे बोलला होता, मोठ्या माणसाशी बोलावे तसे. तिच्याही ते ध्यानात आले असावे. ती सरकून त्याच्याजवळ बसली. खाली धबधब्याचा आवाज होता आणि वरच्या स्टेशनात खोळंबलेली माणसे मामांशी भांडत असणार.

"संघात तू कुठे खेळतेस?" त्याने विचारले.

"अडवायला असते. सगळ्यात बुटकी आहे मी, पण मी जागची हलत नाही. कितीही जोरात कुणी आलं ना, तरी. सर म्हणतात, हिला ढकलून दाखवा."

"असं?"

"मागच्या सामन्यात तर..." आणि ती सांगायला लागली. तिच्या मैत्रिणींची नावे, कोण कुणाला पाय घालते, कुणाचा बूट फाटला, सरांची शिट्टी हरवली तेव्हा काय झाले. हातवारे करून, मधेच हसून, मधेच चिडून ती सांगत होती. तारवाला ऐकत होता. एवढ्यात ट्रॉली हलली. त्याला वाटले, मामांनी अजून जरा धरायला हवी होती. सगळ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कुठेही जायचे नव्हते, काही आणायचे नव्हते, आणि नेमकी आता खालची छपरे भराभर जवळ यायला लागली. ती सांगतच होती. तो मधेमधे विचारत होता, "मग?" आणि "मग काय झालं?" शेवटचा सामना पूर्ण सांगून होण्याआधीच दार उघडले.

खाली गाडी उभी होती. तिच्या आईने मुलीच्या तोंडाकडे पाहिले, तारवाल्याच्या तोंडाकडे पाहिले आणि ती स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसली. पुढच्या सीटवर मुलीसाठी एक टॉवेल आणि रिकामी पिशवी काढून ठेवलेली होती. तारवाल्याने ती पिशवी पाहिली.

"येते," मुलगी म्हणाली.

"थांब. वारा सुटलाय."

तो तिच्यासमोर वाकला आणि तिच्या जॅकेटच्या चेनला हात घातला. चेन आधीच गळ्यापर्यंत लावलेली होती. त्याने ती सावकाश पोटापर्यंत खाली ओढली, आणि मग तितक्याच सावकाश, मधे कापड अडकू नये म्हणून एक बोट आत धरून, पुन्हा वर लावत आणली. मुलगी हनुवटी वर करून, हात बाजूला सोडून, त्याचे होईपर्यंत स्वस्थ उभी राहिली.